झाकली मूठ

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याने खुरप्याच्या मुठीवर लेख लिहावा, याचे काही मित्रांना हसू येईल. प्राध्यापकांपैकी एखाद-दुसऱ्याला तर हा लेख चुकून शेतकी महाविद्यालयाऐवजी आपल्याकडे आला असे वाटेल. पण परभणी जिल्ह्यात आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पुस्तकांच्या आधी खुरपे आले आहे. ज्या हातांनी आपली फी भरली, त्या हातांत दिवसभर जी वस्तू असते तिच्याविषयी चार पाने लिहिली तर वार्षिकांकाचे काही बिघडणार नाही, असे मला वाटते.

शिवाय याला एक कारण घडले. मी स्वतः बनवलेल्या खुरप्याने माझ्या मायचा हात कापला. खुरप्याची मूठ फिरली, पाते आडवे वळले आणि गवत धरलेल्या डाव्या हाताच्या बोटात गेले. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, टाके पडले आणि ऐन खुरपणीत तिचे नऊ रोज बुडाले. पाते चांगले होते. लाकूड चांगले होते. दोष होता तो दोन्हींच्या जोडात, म्हणजे जो भाग बाहेरून दिसतच नाही त्यात. "झाकली मूठ सव्वा लाखाची" असे आपण म्हणतो. पण खुरपे, विळा, सुरी यांच्या बाबतीत ही म्हण उलटी लागू पडते. येथे झाकलेली मूठच घात करते.

पुढे जे लिहिले आहे ते मी तीन वेळा चुकून आणि गावातल्या लोहारमामांच्या शेजारी बसून शिकलो.

जोड म्हणजे काय?

हाताने घडवलेल्या कोणत्याही पात्याला मागे एक निमुळता भाग काढलेला असतो. तो मुठीत घुसतो. या लेखात त्याला आपण 'शेपटी' म्हणू. पाते जेथे संपते आणि शेपटी सुरू होते तेथे दोन्ही बाजूंना पायरी असते, तिला 'खांदा' म्हणू. मुठीच्या तोंडावर लोखंडी किंवा पितळी कडी असते. लाकूड उकलू नये म्हणून ती बसवतात. शेपटी, खांदा, भोक आणि कडी या चार गोष्टींचा मेळ बसला की मूठ बसली.

आपल्याकडची जुनी रीत अशी, की पाते लोहाराचे आणि लाकूड सुताराचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या पुस्तकात बलुतेदारीचे जे वर्णन केले आहे, त्यात हे दोघेही शेतकऱ्याच्या अगदी निकडीचे कारागीर आहेत. वर्षाच्या धान्यावर दोघे काम करीत आणि मूठ ढिली झाली की दुरुस्ती त्याच बलुत्यात होई. वेगळे पैसे पडत नसत. बैलगाडीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारे घिसाडी तळ टाकीत, तेव्हाही गावातली सगळी खुरपी त्यांच्या भात्यापाशी जमत. आता खुरपे आठवडी बाजारातून येते. मूठ सैल झाली की आपण ती दगडावर आपटतो, चिंधी कोंबतो, आणि तेवढ्याने काम चालवतो. माझ्या पहिल्या तीन चुका अशाच घाईतून झाल्या.

पहिली चूक : ओले लाकूड

ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून लोहारमामांनी मला पाते घडवून दिले. मूठ मी स्वतः करणार होतो. बांधावरच्या बाभळीची मनगटाएवढी फांदी तोडली, वीतभर तुकडा घेतला, साल काढली, भोक पाडले आणि शेपटी ठोकली. भाद्रपदात बसवलेली ती मूठ इतकी घट्ट होती की मी दोघा-चौघांना ती ओढून दाखवली. फाल्गुनात ती टोकापासून टोकापर्यंत उकलली.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ओल्या लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असू शकते. आधी पेशींच्या पोकळीतले पाणी जाते, तोवर लाकूड आकसत नाही. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतीतले पाणी जाऊ लागते, आणि तेथून आकसणे सुरू होते. ते सगळीकडे सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ नसतेच. गाभ्यापासून सालीकडे थोडे असते, आणि वर्तुळांच्या कडेने, म्हणजे घेराच्या दिशेने, त्याच्या साधारण दुप्पट असते. घेर अधिक आकसायला बघतो, आत गाभा तेवढा आकसत नाही. मग लाकडाला फुटण्याशिवाय मार्ग राहत नाही. म्हणून गाभा मध्ये ठेवलेली गोल फांदी मुठीसाठी घेऊ नये. जाड ओंडका चिरून, गाभा वगळून, त्याच्या फाळीतून मूठ काढावी. आणि आतली लोखंडी शेपटी तर तसूभरही आकसत नाही, त्यामुळे फुटण्याचे काम आणखी सोपे होते.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडतात. लाकूडही तेच करते, फक्त हळू आणि गुपचूप.

लाकूड बाभळीचे चालते, नव्हे उत्तमच. गाडीची चाके, औते, कुऱ्हाडीचे दांडे यांसाठी ते पूर्वापार वापरात आहे. बोर, शिसमही चांगले. मात्र चिरलेली फाळी सावलीत वाळू द्यावी. टोकांतून पाणी सर्वांत लवकर जाते आणि टोके तडकतात, म्हणून टोकांना शेणकाला किंवा रंग लावावा. जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष, असा सुतारकामातला ठोकळ हिशेब आहे. घाई असेल तर जुन्या औताचा किंवा मोडक्या बाजेचा तुकडा घ्यावा. तो आधीच अनेक उन्हाळे पाहून बसलेला असतो.

दुसरी चूक : पाण्यात भिजवलेली मूठ

दुसऱ्या वेळी मी वाळलेले लाकूड घेतले, पण गिरमिटाने भोक मोठे पाडले. शेपटी आत डुगडुगू लागली. मी बांबूची पाचर ठोकली. ती आठ दिवस टिकली. मग गावात सगळे करतात तेच मी केले. खुरपे रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. सकाळी मूठ दगडासारखी घट्ट! माय खुरपे घेऊन कापसात गेली. दोन दिवसांनी दुपारच्या उन्हात, पाथ अर्धी झालेली असताना, ते फिरले. पुढचे मी वर सांगितलेच आहे.

पाण्याने मूठ घट्ट का होते आणि मग आधीपेक्षा जास्त सैल का होते, हे मला कळले नसते तर मी पुन्हा तेच केले असते. पाण्याने भोकाच्या भिंतीचे लाकूड फुगते. बाहेर कडी असते, ती हलत नाही. मुठीचे बाहेरचे लाकूडही अजून कोरडेच असते. मग फुगणाऱ्या लाकडाला जायला जागा उरते ती फक्त आत, शेपटीच्या अंगावर. लोखंड दबत नाही, तेव्हा लाकडाचे तंतूच चेंगरतात. एकदा चेंगरलेला तंतू पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. मूठ वाळली की ते लाकूड आधीपेक्षाही मागे सरते आणि भोक मोठे होते. म्हणजे दर भिजवणीला आपण एका दिवसाची घट्टी उसनी घेतो आणि भोक रुंदावून ती फेडतो. सावकारी व्याजाचाच प्रकार म्हणा ना! कुऱ्हाड आणि कुदळ यांत लाकूड लोखंडाच्या आत असते, तेथे तर हा प्रकार अधिकच चालतो. पावसाळ्यात दांडा घट्ट आणि चैत्रात ढिला, हा अनुभव प्रत्येक घरी आहे.

येथे एक छोटे गणित करून पाहू. दहा सेंटिमीटर लांबीचे पोलाद हिवाळ्यातल्या दहा अंशांपासून उन्हाळ्यातल्या पंचेचाळीस अंशांपर्यंत तापले, तरी ते सुमारे ०.०४ मिलिमीटर वाढते. वहीच्या कागदाच्या जाडीपेक्षाही हे कमी. लाकडाचा ओलावा मात्र उन्हाळ्यातून पावसाळ्यात सात-आठ टक्क्यांनी वाढला असे धरले, तर तीन सेंटिमीटर जाडीची मूठ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फुगते. लोखंड ऊन-थंडीने हलते, लाकूड पाण्याने. आणि लाकडाचे हलणे कितीतरी मोठे. मूठ बसवण्याची सगळी विद्या या एका वाक्यात आहे. घट्ट ठोकणे म्हणजे बसवणे नव्हे. लाकूड हलणार हे धरून त्याला योग्य वेळी, योग्य जागी धरणे म्हणजे बसवणे.

यावरून दोन नियम निघतात. एक, मूठ आणि कडी वैशाखात बसवावी. तेव्हा लाकूड सर्वांत कोरडे असते, त्यामुळे पुढे ते कडीत फक्त घट्टच होत जाते. पावसाळ्यात बसवलेली कडी उन्हाळ्यात गळून पडते. दोन, सैल भोक पाण्याने नव्हे तर लाकडाने भरावे. त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाच्या पातळ चकत्या करून शेपटीच्या दोन्ही बाजूंना सारख्या बसवाव्यात. पाचर भोक भरण्यासाठी असते, मूठ ताणण्यासाठी नसते. ठोकताना आवाज बदलला की थांबावे.

तिसरी चूक : जाळलेले भोक

"भोक पाडू नको, जाळ," असे मला एकाने सांगितले. ही रीत जुनी आणि खरोखर चांगली आहे. शेपटी तापवून लाकडात खुपसली की भोक नेमके तिच्याच आकाराचे होते. जपानी सुऱ्यांच्या मुठीही अशा गरम शेपटीने बसवण्याची चाल आहे. मी मात्र शेपटी लालभडक केली आणि धूर निघत असताना ती एकदम आत दाबली. मूठ बसली. महिन्याभराने हलवून पाहिली तर आतून कोळशाची भुकटी गळू लागली. भोकाला लाकडाची नव्हे, कोळशाची भिंत झाली होती.

त्याहून वाईट म्हणजे पात्याची धार वळू लागली. लोहारमामांनी पाते उन्हात धरून मला त्यावरचा निळा पट्टा दाखवला.

"पानी उतरलं ह्याचं," ते म्हणाले. "मुठीपायी पातं मारलंस की रं!"

पाते लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतात तेव्हा ते कडक होते. मग जरा ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा काढतात. यालाच आपण पाणी देणे म्हणतो. या वेळी पोलादावर जे रंग चढतात ते उष्णतेचे मापच असतात. सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवताचा पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा, आणि तीनशेच्या सुमारास निळा. शेपटीची उष्णता हळूहळू पात्याकडे सरकते. निळा रंग धारेपर्यंत पोहोचला की ती धार मऊ झाली असे समजावे. म्हणून भोक जाळताना पात्याला ओल्या फडक्याची जाड पट्टी गुंडाळायची, आणि फडक्यातून वाफ निघू लागली की थांबायचे.

नीट रीत अशी. आधी शेपटीपेक्षा लहान भोक गिरमिटाने पाडावे. शेपटी मंद तांबडी होईल एवढीच तापवावी. दोन-तीन सेकंद आत घालून बाहेर काढावी. भोकातला कोळसा खरवडून झटकावा. पुन्हा तापवावी, पुन्हा तेच. खांदा आणि लाकूड यांत करंगळीच्या अर्ध्या जाडीइतके अंतर राहिले की तापवणे बंद करावे आणि उरलेले अंतर थंड शेपटीने घ्यावे. त्यासाठी पात्यावर मारू नये. मूठ वर आणि पाते खाली असे खुरपे एका हातात लटकते धरावे आणि मुठीच्या माथ्यावर लाकडी हातोडीने ठोके द्यावेत. पाते आपल्या जडपणाने जागीच राहू पाहते आणि मूठ खाली उतरते. पाय मात्र बाजूला ठेवावेत!

मूठ उघडून पाहणे

लोहारमामांकडून मी जी सर्वांत मोठी गोष्ट शिकलो ती ठोकण्याची नव्हे, पाहण्याची. बिघडलेली मूठ त्यांच्याकडे नेली की ते आधी काहीच करीत नाहीत. पाते एका हातात आणि मूठ दुसऱ्या हातात धरून हळूच वाकवतात, पिळतात, कानाजवळ नेतात. मग मूठ काढतात. काय बिघडले ते कळल्याशिवाय हातोडी उचलत नाहीत.

भोकाच्या आत डोळा जात नाही. त्यासाठी त्यांची युक्ती अशी : चिमणीची काजळी तेलाच्या थेंबात कालवून शेपटीला पातळ फासायची. शेपटी भोकात घालायची आणि सरळ बाहेर काढायची. जेथे लाकूड घासले असेल तेथे काजळी पुसली जाते. शेपटीवर फक्त तोंडाजवळ चकाकी दिसली तर आत पोकळ आहे. फक्त टोकाला दिसली तर तोंड सैल आहे, आणि हीच मूठ डुगडुगते. फक्त एका कडेला दिसली तर शेपटी वाकडी आहे. जेथे लागते तेथले तेवढेच लाकूड काढायचे. त्यासाठी लोखंड कापायच्या करवतीचे मोडके पाते कानसून केलेली अरुंद खरवडणी पुरते. काढणे, घालणे, पाहणे असे पाच-सहा वेळा केले की चकाकी शेपटीच्या सबंध लांबीवर येते. मग मूठ बसते, आणि बळ लावावे लागत नाही.

बाकीचे दोष थोडक्यात सांगतो. खांदा आणि लाकूड यांत फट राहत असेल तर बहुधा आपण लाकूड कापू लागतो. आधी शेपटीचे टोक तळाला टेकले आहे का ते पाहावे. टेकले असेल तर कितीही ठोका, फट मिटणार नाही आणि एके दिवशी मूठ फुटेल. टोक दोन-तीन मिलिमीटर कमी करावे. टेकले नसेल तर खांद्याच्या दोन बाजू एका रेषेत नाहीत; कानशीने खांदा सारखा करावा. मात्र खांदा आणि शेपटी यांचा कोपरा काटकोनात तीक्ष्ण करू नये, तेथे किंचित गोलाई ठेवावी. पोलाद तुटते ते अशा तीक्ष्ण कोपऱ्यापासूनच. पाते तिरके बसत असेल तर शेपटी सरळ करावी, भोक तिरके करू नये. पाते मुठीत फिरत असेल, जसे माझे फिरले, तर शेपटी गोल आहे. ती ठोकून चौकोनी किंवा चपटी करावी आणि भोकही तसेच करावे. गोल भोकातली गोल शेपटी कोणत्याही पाचरीने कायमची थांबत नाही.

लाख, तेल आणि तलवारी

जोडात थोडी पोकळी राहणारच. ती भरायला लाख किंवा राळ विटेच्या बारीक भुकटीत मिसळून, वितळवून ओततात आणि शेपटी गरम करून आत घालतात. हे काही गावंढळ काम नव्हे. आपल्याकडच्या जुन्या तलवारींची शेपटी आखूड असे आणि ती मुठीच्या पोकळीत अशाच चिकट राळेने बसवत. युरोपातून आलेल्या पात्याला आपल्याकडची मूठ चढवून मराठ्यांची 'फिरंगी' तयार होई, ती याच रीतीने. नेपाळी खुकरीची मूठही अशीच बसवतात. या रीतीचा मोठा गुण म्हणजे मूठ तापवली की लाख मऊ होते आणि पाते पुन्हा सुटते. मूठ मोडली तरी पाते वाया जात नाही. दोषही तोच. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात असे हत्यार तापल्या दगडावर विसरू नये.

आता दोन नळ्यांतून मिळणारे अॅरल्डाइट सगळीकडे आहे. ते पक्के धरते, पण शेपटीवर तेलाचा अंश असेल तर धरत नाही. म्हणून काजळी आणि तेल पुसून, शेपटी कानशीने खरखरीत करूनच लावावे. एक मात्र खरे, की डिंक कोणताही असो, वाईट जोड तो चांगला करीत नाही. चांगला जोड टिकवतो, एवढेच.

शेवटी मुठीला तेल द्यावे. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, चिकट राहते. जवसाचे तेल वाळून लाकडात बसते. करडईचेही हळूहळू वाळते, आणि करडई तर आपल्या घरची. इथल्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या एका वाणाचे नावच 'परभणी कुसुम' आहे. तेलाने लाकडाचे हलणे थांबत नाही, पण त्याचा वेग कमी होतो. मुठीच्या मागच्या टोकाला दोन-तीन हात अधिक द्यावेत, कारण पाणी तेथूनच जास्त येते-जाते.

समारोप

चौथी मूठ मी जुन्या तिफणीच्या बाभळीची केली. वैशाखात बसवली. शेपटी चपटी करून घेतली. काजळी लावून सात वेळा काढली-घातली. कडी सायकलच्या जुन्या नळीची. नवे पातेही लोहारमामांनीच घडवून दिले, कारण जुन्याचे पाणी उतरले होते. मायने ते हातात घेतले, पिळून पाहिले, काही न बोलता कमरेला खोचले आणि निघून गेली. तिच्या बोटावर अजून पांढरी रेघ आहे आणि थंडीत ते बोट पुरते वळत नाही. खुरप्याने दोन पावसाळे काढले आहेत.

कोणी म्हणेल, आता तणनाशके आली, खुरप्याचे दिवस संपले. कापसाच्या नि भाजीपाल्याच्या रानात बायका अजून खुरपे घेऊनच बसतात, तेव्हा ते दिवस संपले असे मला म्हणवत नाही. आणि संपलेच तरी विळा, सुरी, कुऱ्हाड घरात राहणारच, आणि त्यांना मूठ लागणारच.

पाते चांगले झाले की लोहाराचे नाव होते, लाकूड चांगले निघाले की सुताराचे. जोड कोणाच्याच नावावर नसतो, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. घरी गेल्यावर आपल्या मायचे, मावशीचे खुरपे एकदा हातात घ्या, हळूच पिळून पाहा. हलले तर बादलीत बुडवू नका. मूठ काढा, शेपटीला काजळी लावा, आणि आत काय आहे ते पाहा.